झिपरी आणि बाजीची पूरकांची वही: काय चालू, काय बंद, पुढे काय

झिपरी आणि बाजी ही माझी दोन कुत्री. जेवणावर वेगळी दिली जाणारी तेलं, पावडरी म्हणजे पूरकं; त्यांचा हा हिशेब. आधी सध्याची स्थिती. झिपरी, वजन २० किलो, ऐन भरात. कॅनिक्रॉसची (कमरेला दोरीनं जोडलेल्या माणसाला ओढत पळण्याची) लांब पळापळ आणि मधल्या दिवशी हलका ट्रॉट, म्हणजे दुडकी चाल. बाजी, २५ किलो, अजिलिटीतून (अडथळ्यांच्या शर्यतींतून) निवृत्त. डाव्या कोपराच्या एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसली आहे, व्हेटची (प्राण्यांच्या डॉक्टरांची) औषधं चालू आहेत. बाजीला माशाचं तेल सुरूच आहे. झिपरीला रोज काहीच नाही, लांब पळण्यानंतर, तेही दुसऱ्या दिवशी काम असेल तर, फक्त माल्टोडेक्स्ट्रिन (लवकर पचणारी पिष्टाची पावडर). बाकीचे डबे बंद. ते का बंद झाले, हेच या नोंदीत सविस्तर लिहिते.

मोजण्याची पद्धत

पूरकांबद्दल बोलण्याआधी पद्धतीबद्दल बोलायला हवं, कारण आपले डोळे आपल्याला फसवतात. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सांधेदुखीच्या कुत्र्यांना नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी, दिलं होतं. पायावर किती भार पडतो हे जमिनीतल्या फोर्स प्लेटवर मोजलं, तेव्हा फरक नव्हता. तरी मालकांना सुधारणा दिसत होती, आणि तपासणाऱ्या व्हेटनासुद्धा! कुत्र्याला प्लासिबो कळत नाही, पण त्याच्याकडे आशेनं बघणाऱ्या माणसावर त्याचा पुरेपूर परिणाम होतो. तेव्हापासून ‘आज जरा बरा वाटतोय’ हे वाक्य माझ्या वहीत येत नाही.

त्याऐवजी ठरलेल्या जागी, सपाट जमिनीवर, सैल पट्ट्यावर ट्रॉटचा व्हिडिओ घेते: एक समोरून, एक बाजूनं. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना डोकं वर उचललं जातं आणि चांगला पाय टेकताना खाली जातं. ही डोक्याची हालचाल मंदगतीत मोजता येते. सोबत वजन, मांडीचा घेर (टेप नेहमी त्याच जागी, पाय त्याच स्थितीत) आणि ‘लोड’ ही कुत्र्याच्या हालचालींबद्दल मालकानं भरायची १३ प्रश्नांची प्रश्नावली. सगळ्यात उपयोगी ठरलेली युक्ती अशी: व्हिडिओंवरच्या तारखा काढून, क्रम उलटसुलट करून घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवायचे आणि लंगडण्याला गुण द्यायला सांगायचं. त्या माणसाला डब्यात काय होतं ते माहीत नसतं, म्हणून त्याच्या गुणांवर माझा विश्वास माझ्या गुणांपेक्षा जास्त.

आणि एका वेळी एकच बदल. तेल, पावडर आणि नवा व्यायाम एकदम सुरू केला तर कशानं काय झालं हे कधीच कळणार नाही.

माशाचं तेल (बाजी)

सांधेदुखीसाठी ज्या पूरकांमागे खरा आधार आहे त्यांत ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं सर्वांत वर आहेत. जवसाचं तेल त्यांची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यातल्या एएलए या दुसऱ्या ओमेगा-३ आम्लापासून कुत्र्याच्या शरीरात ईपीए फार थोडं तयार होतं.

बहुतेकांचा हिशेब लेबलवर चुकतो. ‘१००० मिलिग्रॅम फिश ऑइल’ हे तेलाचं वजन आहे, ओमेगा-३चं नाही. साध्या कॅप्सूलमध्ये सहसा १८० मिलिग्रॅम ईपीए आणि १२० मिलिग्रॅम डीएचए, म्हणजे कामाचे ३०० मिलिग्रॅम असतात. सांधेदुखीसाठी सांगितली जाणारी वरची मात्रा म्हणजे वजनाचा (किलोमध्ये) ०.७५ घात घेऊन त्याला ३१० नं गुणायचं. बाजीच्या २५ किलोंचा हा घात ११.२ च्या आसपास येतो, म्हणजे दिवसाला साधारण ३४७० मिलिग्रॅम ईपीए-डीएचए. साध्या कॅप्सूल दिल्या तर अकरा-बारा! आणि तेवढ्या तेलातून शंभरावर कॅलरी. बाजीची विश्रांतीच्या अवस्थेतली दिवसाची गरजच ७८० कॅलरींच्या घरात आहे. सांध्यासाठी तेल द्यायचं आणि त्याच तेलानं वजन वाढवून सांध्यावर भार टाकायचा, याला अर्थ नाही. म्हणून दाट केलेलं तेल घेतलं आणि त्याच्या कॅलरी जेवणातून वजा केल्या.

त्याच सूत्रात ३१० च्या जागी ३७० घातले की सुरक्षित कमाल मर्यादा मिळते. दोन आकड्यांत अंतर फार नाही, म्हणून ही मात्रा व्हेटशी बोलूनच ठरवा आणि थोड्यापासून सुरुवात करून काही आठवड्यांत वाढवा. जास्त तेलानं जुलाब होतात, रक्त गोठायला आणि जखम भरायला वेळ लागू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तेल चालू असल्याचं आधी सांगायचं. तेल वाढलं की व्हिटॅमिन ईची गरजही वाढते, त्यामुळे ते मिसळलेलं तेल बघा. कॉड लिव्हर ऑइल या मात्रेत अजिबात चालणार नाही. त्यातलं अ आणि ड जीवनसत्त्व साठून विषबाधा होते. बाटली छोटी, गडद रंगाची, फ्रिजमध्ये. खवट वास आला की टाकून द्यायची.

निकाल: उलटसुलट लावलेल्या व्हिडिओंत बाजीचं डोकं उचलणं कमी झालेलं दिसलं, औषधं तीच आणि तेवढीच असताना. सकाळी उठतानाचा ताठरपणा मात्र तसाच आहे. तेल चालू राहील.

ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन

सांध्यांसाठी सर्रास विकली जाणारी ही जोडी बंद. २०२२ मध्ये कुत्र्या-मांजरांवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात वेदनेवर या जोडीचा उपयोग दिसला नाही. बाजीच्या व्हिडिओंतही नाही. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं यात काही नाही.

‘अँटिऑक्सिडंट’ पावडरी (झिपरी)

याही बंद, आणि इथे कारण समजून घेण्यासारखं आहे. कुत्र्याचं यकृत व्हिटॅमिन सी स्वतः बनवतं. माणसाचं बनवत नाही. शर्यतीच्या ग्रेहाउंडना रोज १ ग्रॅम व्हिटॅमिन सी दिलं तेव्हा ते ५०० मीटरला सरासरी ०.२ सेकंदांनी हळू पळाले. त्या शर्यतीत एवढ्यात निकाल पालटतो. व्यायामानंतर शरीरात जो थोडा ताण उरतो, त्याच्याशी जुळवून घेतच स्नायू तयार होतात. तो ताण बाहेरून पुसून टाकणं फायद्याचं असेलच असं नाही. कामाच्या कुत्र्यांच्या संपूर्ण आहारात व्हिटॅमिन ई पुरेसं असतं. त्यावर आणखी ओतायचं कारण मला दिसत नाही.

पळून आल्यावर (झिपरी)

माझ्या मते खरी रिकव्हरी इथे आहे, आणि याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो.

माणसांच्या इलेक्ट्रोलाइट पावडरी आधी बाजूला ठेवा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून थंड होतो. धापेतून पाणी जातं, मीठ फारसं नाही. त्यामुळे त्याला हवं असतं ते पाणी. थोडं थोडं, पळण्याआधी, मध्ये आणि नंतर. न पिणाऱ्या कुत्र्यासाठी पाण्यात त्याच्या नेहमीच्या अन्नाचा रस मिसळला की काम होतं. झिपरी तशीच पिते.

माल्टोडेक्स्ट्रिनची गोष्ट वेगळी. लांब अंतराला कुत्रा मुख्यतः चरबीवर पळतो, पण चढावर, वेगात, खेचताना स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजन, खर्च होतं. स्लेड (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत व्यायाम संपताच किलोमागे साधारण १.५ ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन दिलं, तेव्हा ग्लायकोजन लवकर भरून आलं. पहिल्या अर्ध्या तासात दिलं तरच खरा फायदा. झिपरीसाठी हे ३० ग्रॅम झाले, पाण्यात विरघळवून, धाप निवल्यावर. ३० ग्रॅम म्हणजे सुमारे १२० कॅलरी, त्याही हिशेबात धरते. दुसऱ्या दिवशी विश्रांती असेल तर मी देत नाही, कारण नेहमीच्या जेवणातून दिवसभरात ग्लायकोजन भरतंच. सलग दोन दिवस काम असेल तेव्हाच डबा उघडते. दुसऱ्या दिवशीच्या पळण्यात शेवटच्या टप्प्यातला तिचा वेग कमी पडणं थांबलं आहे, हे घड्याळावर दिसतं. मधुमेही कुत्र्याला हे द्यायचं नाही.

पूर्ण जेवण मात्र ती शांत झाल्यावर. पळण्याच्या लगेच आधी भरलेलं पोट धोक्याचं, विशेषतः खोल छातीच्या जातींत.

प्रथिनांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. स्लेड कुत्र्यांत कमी प्रथिनांच्या आहारावर असलेल्यांना स्नायू-अस्थिबंधांच्या दुखापती जास्त झाल्याचं आढळलं होतं. कष्टाळू कुत्र्याच्या जेवणात ऊर्जेचा पाचवा भागही प्रथिनांतून येत नसेल, तर ते जेवण आधी सुधारा, पावडर नंतर.

ज्याला डबा लागत नाही

वजन. ४८ लॅब्रॅडॉरवरच्या दीर्घ अभ्यासाचे आयुर्मानाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले: २५ टक्के कमी खाल्लेल्या कुत्र्यांचं मध्यम आयुष्य सुमारे १.८ वर्षांनी जास्त होतं आणि सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला. कोणत्याही पूरकाच्या बाटलीवर एवढा परिणाम मी वाचलेला नाही. दोघांनाही ९ गुणांच्या शरीरमोजणीत ४ ते ५ वर ठेवते: फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. बाजीचं वजन या कसोटीवर आल्यावर त्याच्या ‘लोड’च्या गुणांत जो फरक पडला, तो तेलानं पडलेल्या फरकापेक्षा मोठा होता.

कृपया एवढं तपासाच

माणसांसाठीची कुठलीही पूरकं कुत्र्याला देण्याआधी घटक वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असेल तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं. व्यायामाआधीच्या पावडरीत कॅफिन असतं. अल्फा लिपोइक ॲसिड आणि व्हिटॅमिन डीच्या मोठ्या गोळ्याही विषारी ठरतात. आणि दुखतंय म्हणून आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल कधीच देऊ नका.

पुढचा टप्पा

बाजीवर आता न्यूझीलंडच्या हिरव्या शिंपल्याची पावडर. काही चाचण्यांत फायदा दिसला आहे, काहींत नाही, म्हणून स्वतः मोजून बघायचं आहे. जास्त उष्णता दिलेली नको, एवढं बघून घेतली. तेल, औषधं, वजन, फेरफटका, सगळं आहे तसंच राहील. आधीचे व्हिडिओ घेऊन झाले आहेत; सहा ते आठ आठवड्यांनी नंतरचे घेईन आणि सगळे मिसळून गुण द्यायला देईन. फरक दिसला नाही तर डबा बंद.

तुमच्यापैकी कोणी म्हाताऱ्या कुत्र्याच्या ट्रॉटचे व्हिडिओ घेत असेल तर कॅमेरा किती उंचीवर ठेवता ते नक्की सांगा. कोपराच्या उंचीवर ठेवल्यावर मला डोक्याची हालचाल नीट दिसते, पण मागच्या पायांचा टप्पा अर्धवट कापला जातो.