डाउनलोडचं बटण का काढलं

आपल्या घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी मी डिजिटल करून माझ्या सर्व्हरवर ठेवल्या आहेत; तुम्ही त्या तिथून बघता, पण डाउनलोडचं बटण मी काढून टाकलं. तुम्ही सगळेच विचारता म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. सांगलीचे काका विचारतात, बंगळुरूची वहिनी विचारते, आतेभाऊ तर फोन ठेवता ठेवता हमखास विचारतो: "आपल्याच घरच्या लग्नामुंजीच्या कॅसेटी, आणि आम्हालाच उतरवून घेता येत नाहीत? बघायला चालतं, मग न्यायला का नाही?"

आधी तुमच्या बाकीच्या सूचना, यूट्यूबवर टाक, गूगल फोटोत ठेव वगैरे. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' टाकलेलं ज्याच्या हाती लिंक पडेल त्याला दिसतं, आणि शूटिंगवाल्यांनी मागे चढवलेल्या सिनेमाच्या गाण्यांवर कॉपीराइटचे दावे येतात ते वेगळेच. गूगल फोटोची अमर्याद फुकट साठवण 1 जून 2021 ला बंद झाली. तीन तासांची एक व्हीएचएस नीट उतरवली तर सात-आठ जीबी होते. फुकटच्या पंधरा जीबीत काय मावणार? मी वापरते ते जेलीफिन हे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर आपल्याच मशीनवर चालतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवता येतं. आपल्या फायबरला स्वतंत्र पब्लिक आयपी नाही, म्हणजे बाहेरून थेट मशीनपर्यंत पोचता येत नाही, म्हणून मध्ये टेलस्केल, तुमची उपकरणं माझ्या मशीनशी खाजगीत जोडणारं ॲप. ते टीव्हीवर चढवताना तुम्हाला झालेला मनस्ताप मला ठाऊक आहे.

आता बटण.

धाकट्या आत्याच्या लग्नाची 1990 ची कॅसेट तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. व्हीसीआरच्या काळात तर दर मे महिन्यात ती लागायची आणि हळदीचा भाग पळवला जायचा. तो भाग मी उतरवताना पहिल्यांदा सलग पाहिला. सुवासिनी एकेक करून हळद लावताहेत. थोरली आत्या, नवरीची सख्खी बहीण, कडेला उभी आहे. तिचे यजमान जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. ती हात पुढे करते. कुणीतरी तिचं मनगट धरून तिला मागे घेतं. कोण काय म्हणालं ते कळत नाही, कारण वर सनई चढवलेली आहे. हॅलोजनचा झोत क्षणभर तिच्या तोंडावर राहतो आणि नवरीकडे वळतो.

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, मग राज्य सरकारचंही परिपत्रक निघालं. सगळीकडे तोच विषय होता. आतेभावाने सर्व्हरवरून ती कॅसेट उतरवली, तेवढाच तुकडा कापला, संथ केला, वर 'आमच्या घरातसुद्धा' असं लिहिलं आणि रील टाकलं. त्याचा हेतू चांगला होता, हे मी त्याच्या बाजूने कुणालाही सांगेन. लग्न त्याच्या आईचं, मनगट त्याच्या मावशीचं, आणि राग खरा.

रील फिरत फिरत थोरल्या आत्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलं. तिने मला फोन केला. म्हणाली, "सगळ्या मला धीर द्यायला लागल्या. कशाबद्दल, ते मला कळेना." मग विचारलं, "ते तुझ्या मशीनमधनं गेलं का गं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "बत्तीस वर्षं मी त्या बायकांत नुसती मी म्हणून बसत होते. आता त्या माझ्याकडे बघतात तेव्हा त्यांना ते दिसतं." पुढे बरेच दिवस ती मंडळात गेली नाही. आतेभावाने रील काढलं, पण लोकांच्या फोनमध्ये गेलेलं कोण काढणार?

(हे लिहिण्याआधी तिला पूर्ण वाचून दाखवलं आहे. तिने गावाचं नाव काढायला लावलं, बाकी राहू दे म्हणाली.)

त्या रात्री मी सगळ्यांच्या खात्यांतली डाउनलोडची परवानगी काढली. हो, सगळ्यांच्या. एकट्या त्याची काढली असती तर ती शिक्षा झाली असती.

बटण गेलं म्हणून फाइल सुरक्षित झाली, असं मी कधीच म्हटलेलं नाही. टीव्हीवर बहुतेकदा मूळ फाइलच जाते, आणि स्क्रीन रेकॉर्ड तर कुणालाही करता येतो. पण आता न्यायचं असेल तर कुणाला तरी विचारावं लागतं. मला तेवढंच हवं होतं.

आतेभावाचं म्हणणं, झाकून ठेवलं म्हणूनच या गोष्टी टिकल्या. मला ते खोडता येत नाही. आपण तो भाग पळवतच आलो होतो. आणि या कॅसेटी उतरवायला घेतल्या तेव्हाची मी तर त्याच्याच बाजूची होते. फुनाई या जपानी कंपनीने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, कॅसेटींना बुरशी लागत होती, आणि मी तुम्हा सगळ्यांच्या मागे लागले होते की उतरवून घ्या, जितक्या प्रती तितकं बरं. तेव्हाची मी चुकत होते असं मला आजही वाटत नाही. ती मला विचारते, उद्या तुझी डिस्क गेली तर? दुसरी पूर्ण प्रत भावाकडे आहे, हे माझं उत्तर. तिला ते पुरत नाही. किल्ली आपल्या हाती आहे हे तुला आवडतंय ना, असंही ती विचारते. थोडं आवडतं.

कॅसेट काढून टाकू का, असं मी थोरल्या आत्याला विचारलं होतं. ती नको म्हणाली; पुढे पंगतीत आजी वाढताना दिसते, आणि आजीचं चालतंबोलतं चित्र दुसरं कुठेच नाही. मग तेवढा हळदीचा भाग कापू? "कापलंस तर मी त्या लग्नात हळदीला नव्हतेच असं होईल." ते तिलाही नको होतं. ती स्वतः ती कॅसेट लावते, हे मला सर्व्हरवर दिसतं. ते मला दिसावं का, हाही प्रश्नच आहे.

आता धाकट्या आत्याची साठी आहे. तिला हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर आख्खी कॅसेट हवी आहे. "लग्न माझं आहे," ती म्हणते, आणि ते खरंच आहे. थोरली म्हणते, घरी लावा, हॉलमध्ये नको. आतेभावाने फाइल मागितली आहे. मी दोघींना एकमेकींशी बोलायला सांगितलं आहे, आणि फाइल अजून दिलेली नाही.