तुटका हेड स्टड

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या इंजिन ब्लॉकमध्ये तुटून राहिलेला हेड स्टड (ब्लॉकवर सिलिंडर हेड धरून ठेवणारा आट्यांचा दांडा) आज एकदाचा निघाला. ईझी-आउट (तुटक्या स्टडमध्ये भोक पाडून तो उलटा फिरवून काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार) लावलाच नाही. तो आत मोडला तर इतका कडक असतो की साधा ड्रिल त्यावर नुसता घसरतो. तुकडा २-३ मिमी वर होता, म्हणून त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग भरलं. तापलेल्या धातूची लाली उतरल्यावर मेण टेकवलं, ते वितळून आट्यांत शिरलं. मग पाना पाव फेरा पुढे, पाव मागे. घाई केली की वेल्ड सुटतो.

टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून भोकातले आटे साफ, भोकातलं तेल हवेने बाहेर. नवा स्टड हातानेच बसवायचा. टॉर्क, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणं, ते वरच्या नटला, मधल्या नटांपासून बाहेरच्यांकडे, ३ टप्प्यांत. पुण्याच्या नाना पेठेत नटखालचा वॉशर घेताना कडक केलेलाच मागा, साधा दबतो आणि नट सैलावतो.