डॉजर स्टेडियमच्या पार्किंगखाली

लॉस एंजेलिसला भाच्याकडे उतरलो होतो. त्याने बेसबॉलची तिकिटं काढली, तेव्हा मी एकच अट घातली: सामन्याच्या बऱ्याच आधी पोचायचं. "मामा, इथे जागा पकडावी लागत नाही," तो हसून म्हणाला. मला जागा पकडायची नव्हती, बघायची होती.

युनियन स्टेशनवरून सामन्याच्या दिवशी तिकीटवाल्यांना फुकट बस मिळते. सनसेट बुलेव्हार्डवरून वळून ती टेकडी चढते आणि समोर येतं ते आधी स्टेडियम नव्हे, पार्किंग! टेकडी तासून पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेलं, नजर पोचेपर्यंत डांबर. चावेझ रविन म्हणतात त्या याच डोंगराळ भागात पालो व्हर्दे, ला लोमा आणि बिशप अशा तीन वस्त्या होत्या. राहणारे बहुतेक मेक्सिकन वंशाचे. पालो व्हर्देची शाळासुद्धा याच डांबराखाली गेली.

हे सगळं बेसबॉलने केलं असं सांगायची पद्धत आहे, पण ते अर्धंच खरं. जुलै १९५० मध्ये घरोघरी पत्रं आली ती सरकारी घरबांधणीसाठी. रिचर्ड नॉयट्रा आणि रॉबर्ट अलेक्झांडर या वास्तुविशारदांनी तेरा मजली २४ इमारतींचा आराखडा केला होता. नव्या घरांत पहिला हक्क तुमचाच, असं आश्वासनही होतं. लोक पैसे घेऊन निघाले. काही अडून बसले.

मग राजकारण फिरलं. सरकारने घरं बांधणं म्हणजे समाजवाद, अशी ओरड सुरू झाली. १९५२ मध्ये गृहनिर्माण खात्याचे फ्रँक विल्किन्सन सुनावणीत साक्ष देत असताना त्यांना विचारलं गेलं, तुम्ही कोणकोणत्या संघटनांत होता? त्यांनी उत्तर नाकारलं आणि नोकरी गेली. पुढच्या वर्षी सरकारी घरांच्या विरोधात प्रचार करून नॉरिस पोल्सन महापौर झाले. प्रकल्प बारगळला. जमीन मात्र बहुतेक मोकळी झालेली.

तिकडे न्यूयॉर्कात ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाचे मालक वॉल्टर ओ'मॅली यांना ब्रुकलिनमध्येच नवं मैदान हवं होतं आणि शहराचे कर्तेधर्ते रॉबर्ट मोझेस क्वीन्समधली जागा दाखवत होते. ऑक्टोबर १९५७ मध्ये संघ लॉस एंजेलिसला येणार हे जाहीर झालं. चावेझ रविनची जमीन डॉजर्सना देण्याच्या शहराच्या करारावर ३ जून १९५८ ला जनमत घेतलं. त्याआधी टीव्हीवर तासन्‌तास प्रचार झाला, त्यात रोनाल्ड रेगन नावाचे एक नटही होते. करार थोडक्यात तरला: ३,५१,६८३ विरुद्ध ३,२५,८९८.

मला सगळ्यात विचित्र वाटतात ते मे १९५९ मधले लागोपाठचे दोन दिवस. ७ मेच्या रात्री लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये ९३,१०३ लोक जमले, ते अपघाताने अपंग झालेल्या रॉय कॅम्पानेला या डॉजर्सच्या कॅचरला (आपल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) मानवंदना द्यायला. दिवे मालवले आणि प्रेक्षकांनी काड्या पेटवल्या. दुसऱ्याच दिवशी चावेझ रविनमध्ये शेरीफचे लोक अजून अडून बसलेल्या अरेचिगा कुटुंबाच्या दारात. त्या घरच्या ऑरोरा व्हार्गास यांना हातापायांना धरून उचलून बाहेर काढलं, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. मागोमाग बुलडोझर. कुटुंब तिथेच तंबूत राहू लागलं. सहानुभूतीही मिळाली, पण या लोकांची शहरात इतरत्रही घरं आहेत अशी बातमी छापून आली आणि वारं फिरलं. पुरेसं गरीब असल्याशिवाय अन्याय झाला असं म्हणायचीही सोय नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही प्रकल्पग्रस्ताला ओळखीचं वाटेल.

१० एप्रिल १९६२ ला स्टेडियम उघडलं, पहिला सामना डॉजर्स सिनसिनाटीकडून ६-३ ने हरले.

आत गेल्यावर, खोटं कशाला बोलू, मी हरखलो. मैदानापलीकडे ताडाची झाडं, त्यामागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर. आसपास जितकं इंग्रजी, तितकंच स्पॅनिश. पाठीवर ३४ आकडा घातलेली माणसं जागोजागी दिसत होती. तो फर्नांडो व्हॅलेन्झुएलाचा. १९८१ मध्ये डॉजर्सच्या या मेक्सिकन पिचरने (चेंडू फेकणाऱ्याने) मेक्सिकन प्रेक्षकांना या मैदानाकडे खेचून आणलं. पुढच्या रांगेतल्या आजोबांना मी जुन्या वस्तीबद्दल विचारलं. "माझ्या आईने इथे कधी पाऊल टाकलं नाही," ते म्हणाले आणि नातवाला हॉटडॉग आणायला उठले.

सामना नसलेल्या दिवशी जाणार असाल तर एलिशियन पार्कमधल्या एंजल्स पॉइंटवर चढा, स्टेडियमचा अख्खा वाडगा वरून दिसतो. आणि उतरताना शेजारच्या सोलानो कॅन्यनमधून चक्कर मारा. ती वस्ती वाचली. चढावरच्या त्या गल्ल्या बघितल्या की पलीकडे काय असेल याचा अंदाज येतो.