मोज्यातला दिवा

आमच्या आजीकडे एक जळका बल्ब होता. शंभर वॉटचा, आतली तार तुटलेली, हलवला की बारीक किणकिणणारा. तो टाकायचा नाही अशी सक्त ताकीद होती, कारण मोजे रफू करायला तो लागायचा. मोज्याच्या टाचेत बल्ब सरकवायचा, भोक त्याच्या गोलाव्यावर ताणून धरायचं, आधी उभे धागे घालायचे, मग आडवे, एकाच्या वरून, एकाच्या खालून. संध्याकाळ झाली की आजीला टाके दिसेनासे व्हायचे. मग ती ओरडायची, "अरे, दिवा धरा रे कुणीतरी!" हातात बल्ब धरून ती दिवा मागतेय यातली गंमत तेव्हा आम्हाला कळत नव्हती.

ती एका जर्मन राजकारण्याला कळली होती. कोनराड आडेनाउअर, पश्चिम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर, म्हणजे पंतप्रधानच. मोज्यात घालायचं जे लाकडी अंडं जर्मन घरांतून असायचं, त्याच्या आतच दिवा बसवावा, म्हणजे भोक आतून उजळेल आणि टाका चुकणार नाही, अशी त्यांची कल्पना. पेटंट काही पदरात पडलं नाही. पण युरोपच्या इतिहासात ज्याचं नाव फ्रान्सच्या दगॉलच्या शेजारी घेतलं जातं, तो माणूस कधीकाळी फाटक्या मोज्याचा इतका बारकाईनं विचार करत बसला होता, हे वाचल्यापासून मला तो घरातलाच वाटायला लागला आहे.

या गृहस्थांचा जन्म 1876 चा, कोलोनचा. पहिल्या महायुद्धात शहराच्या अन्नपुरवठ्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. ब्रिटिश आरमारानं समुद्र अडवलेला, धान्य संपत आलेलं. यांनी दोन बेकरीवाल्या भावांना हाताशी धरून मका, जव आणि तांदळाच्या पिठाचा पाव काढला आणि 1915 मध्ये त्याचं पेटंटही घेतलं. मका रोमानियाहून यायचा होता. पुढच्याच वर्षी रोमानिया शत्रूच्या बाजूनं युद्धात उतरला आणि पावाचं गणित फसलं. जवाच्या भरडीला जर्मनमध्ये 'ग्राउपे' म्हणतात. वैतागलेल्या कोलोनकरांनी साहेबांचं नावच 'ग्राउपेनाउअर' करून टाकलं. भुकेल्या माणसाची कोटी ही अशी असते!

मग सॉसेज. मांस मिळेना म्हणून सोयाबीनचं पीठ घालून केलेलं. जर्मन पेटंट कचेरीनं ते नाकारलं. का, तर मांसाशिवाय सॉसेज हे नियमात बसत नाही. लोक उपाशी, पण सॉसेजची व्याख्या शाबूत. मौज पुढे आहे. जून 1918 मध्ये, युद्ध चालू असताना, शत्रूराष्ट्र ब्रिटननं मात्र त्या सॉसेजला पेटंट देऊन टाकलं.

मधे 1917 साली त्यांची गाडी ट्रामवर आदळली. चेहऱ्याची हाडं मोडली, ती जुळून आली ती थोडी वेगळीच. फोटोतला तो ताणलेला, उंच गालफडांचा, डोळे किंचित मिटलेला चेहरा हा त्या अपघातानंतरचा. म्हणजे चेहराही रफू केलेलाच. हवापालटाला गेलेले असताना कोलोनहून दोघेजण भेटायला आले. निमित्त विचारपूस, हेतू हा की महापौर करायचा म्हणतोय त्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना, हे बघून घ्यावं. आडेनाउअरनी ओळखलं आणि सांगून टाकलं की माझं डोकं बिघडलंय ते फक्त बाहेरून. एक्केचाळिसाव्या वर्षी ते महापौर झाले आणि पुढची सोळा वर्षं राहिले. शहराभोवती झाडांचा हिरवा पट्टा आखला. 1932 मध्ये कोलोन ते बॉन असा फक्त मोटारींसाठीचा रस्ता खुला केला. या रस्त्याचं श्रेय पुढे भलत्याच माणसाच्या नावावर जमा झालं, तो भाग वेगळा.

तो भलता माणूस फेब्रुवारी 1933 मध्ये प्रचाराला कोलोनला आला, तेव्हा महापौर त्याच्या स्वागताला गेले नाहीत, आणि पुलावर लावलेले स्वस्तिकाचे झेंडे उतरवायला लावले. महिन्याभरात नोकरी गेली. बँकेतलं खातं गोठवलं. एका शाळूसोबत्याच्या मठात, मारिया लाखला, ते जवळजवळ वर्षभर जाऊन राहिले. मग ऱ्हाइनकाठी ऱ्योनडॉर्फ गावी, टेकडीच्या उतारावर घर, बाग, गुलाब. साठीला आलेला माणूस, हाताला काम नाही. दिव्याचं अंडं सुचलं ते याच रिकामपणात. झारीच्या तोंडाला बिजागरीची झाकणवजा चाळणी, विजेवर कीड मारणारा ब्रश, असंही काही काही सुचत होतं. तो ब्रश कुणी खरंच चालवला असता तर आधी कीड मेली असती की माळी, याची मला शंका आहे.

रिकामपण हा शब्द मी सैलपणे वापरला. 1944 मध्ये त्यांना पकडलं, ते निसटले. मग गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांच्या बायकोला, गुसीला, बसवलं आणि नवरा कुठे लपलाय ते तिच्याकडून काढून घेतलं. तिनं कोठडीत जीव द्यायचा प्रयत्न केला. ती त्यातून पुरती सावरली नाही, 1948 मध्ये गेली. इथे रफू नाही.

युद्ध संपलं. अमेरिकनांनी त्यांना पुन्हा महापौर केलं आणि ऑक्टोबर 1945 मध्ये ब्रिटिशांनी नालायक ठरवून काढून टाकलं. त्याच ब्रिटिशांनी, ज्यांना त्यांचं सॉसेज पसंत पडलं होतं! खटके उडण्याचं एक कारण झाडं होती. सरपणाला तो हिरवा पट्टा तोडा, असं ब्रिटिशांचं म्हणणं. लावणारा तोडायला तयार नव्हता.

बाकी सगळ्या चरित्रात ठळकपणे असतं ते मी भरभर सांगतो. नवा पक्ष, 1949 ची निवडणूक, ऱ्योनडॉर्फच्या घरी रविवारचं जेवण. तिथे त्र्याहत्तर वर्षांच्या यजमानांनी पाहुण्यांना सांगितलं की डॉक्टरांना विचारलंय, वर्ष-दोन वर्षं चॅन्सेलरकी झेपेल म्हणतात. मग एका मताचं बहुमत, तेही स्वतःचं मत धरून. दोन वर्षांची चौदा वर्षं झाली. लोक 'डेर आल्टे' म्हणायचे, म्हातारबुवा. म्हातारबुवा पायउतार झाले तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे होते.

पण 1957 च्या निवडणुकीशी मला थांबायचंय. त्यांच्या पक्षाच्या पोस्टरवर त्यांचा तो चेहरा आणि दोनच शब्द: 'काइने एक्सपेरिमेंटे'. प्रयोग नकोत. मक्याचा पाव, सोयाचं सॉसेज, दिव्याचं अंडं, विजेचा ब्रश, आणि पोस्टरवर काय तर प्रयोग नकोत! बरं, त्याच वर्षी त्यांनी रोमच्या करारावर सही केली होती, ज्यातून युरोपची सामाईक बाजारपेठ उभी राहिली. त्याच वर्षी म्हाताऱ्यांचं पेन्शन पगारवाढीशी बांधून टाकलं. लोकांनी पोस्टर वाचलं आणि 50.2 टक्के मतं दिली.

आधी मला हा ढोंगीपणा वाटला. आजीचा बल्ब आठवला तेव्हा जरा उलगडलं. रफू करणाऱ्याचे सगळे प्रयोग मोजा तोच राहावा यासाठी असतात. नवा मोजा आणा म्हटलं की आजीला राग यायचा. पण भोक बुजवायला ती बल्ब, लिंबू, वाटी, काहीही वापरून बघायची. आडेनाउअर त्याच जातीचे. फाटलेला देश समोर होता, आणि त्यांना नवं कापड नको होतं.

रफूत खोट असते ती धाग्याची. रंग जुळावा म्हणून आजी जुन्याच मोज्याची लोकर उसवून घ्यायची. आडेनाउअरनीही तेच केलं. नाझींच्या ज्यूविरोधी न्युरेनबर्ग वंशकायद्यांवर ज्यांनी भाष्य लिहिलं होतं, ते हान्स ग्लोबके 1953 पासून अखेरपर्यंत त्यांच्या चॅन्सेलरीचे प्रमुख होते. स्वच्छ पाणी मिळेपर्यंत घाण पाणी ओतून द्यायचं नसतं, अशा अर्थाचं त्यांचं एक वाक्य सांगतात. आजीला ते पटलं असतं. मला पटत नाही. इस्राएलला तीन अब्ज मार्कांची भरपाई द्यायचा करारही याच माणसानं स्वतःच्या पक्षातला विरोध पत्करून केला, हे माहीत असूनही पटत नाही.

परवा माझा एक लोकरीचा मोजा टाचेला फाटला. एलईडीच्या जमान्यात घरात काचेचा जळका बल्ब कुठला सापडायला? लिंबं संपलेली. शेवटी मोबाइलचा टॉर्च लावून मोबाइलच मोज्यात सरकवला. ताण नीट बसेना, कडा टोचत होत्या, पण भोक असं लख्ख उजळलं की एकेक सुटलेला धागा मोजून घ्यावा. सात उभे धागे घातले. आठवा घालणार तेवढ्यात मोजा थरथरायला लागला. फोन आला होता.