गुऱ्हाळातलं मिथेनॉल

वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करायचं म्हटलं की लोकांना वाटतं, तेल गोळा करणं हीच खरी कटकट. आमच्या कोल्हापुरात तेलाला तोटा नाही. फरसाणवाले आहेत, चिवडेवाले आहेत, हॉटेलं आहेत, लग्नसराईत मंगल कार्यालयांचे केटरर आहेत. २०१८ साली तळणीच्या तेलाला २५ टक्के पोलर कंपाउंडची (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात वाढणाऱ्या खराब घटकांची) मर्यादा घातली गेली, तेव्हापासून काळं तेल रस्त्यावरच्या गाड्यांना विकण्यापेक्षा आम्हाला देणं बऱ्याच जणांना सोयीचं वाटतं. गोकुळ शिरगावच्या आमच्या शेडमध्ये दिवसाला दोन टन तेल सहज लागतं आणि तेवढं येतं.

अडतं ते मिथेनॉलवर. तेलाचं बायोडिझेल करायला त्यात हे अल्कोहोल मिसळावं लागतं. देशात लागणारं बहुतेक मिथेनॉल आयात होतं, आखाती देशांतून आणि इराणकडून. तिकडं समुद्रात काही खुट्ट झालं की इकडं भाव चढतो. एका वर्षी तसंच झालं. मालक वैतागले. त्यांचे एक पाहुणे, पन्हाळा रस्त्याला केर्लीच्या पुढं आत वळलं की त्यांचं गुऱ्हाळ. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी मालकांना सांगितलं, "चिपाड आणि पाचट जाळून मिथेनॉल काढतोय, तुमच्या साहेबाला बघायला पाठवा." साहेब म्हणजे मी. सोबत उद्यमनगरच्या वर्कशॉपमधले मिस्त्री होते, कारण पुढं मोठी भट्टी तेच बांधणार होते.

गुऱ्हाळ चालू होतं. काहिलीत आदण उकळत होतं, गुळव्या फावड्यानं मळी काढत होता. चुलवाणाच्या मागच्या बाजूला अण्णांचा कारखाना. जाड पत्र्याचं बंद बॅरल चुलवाणाच्या जाळावर बसवलेलं, त्यातून निघालेली लोखंडी नळी पाण्याच्या टाकीतून वळसे घेत बाहेर आलेली, आणि नळीच्या तोंडाशी प्लास्टिकचा कॅन. जो बघेल त्याच्या मनात जे येईल तेच गावाच्या मनात आलं होतं. "अण्णांनी भट्टी टाकली" अशी बोंब आधीच उठलेली, आणि पोलीस पाटील दोनदा चहा पिऊन गेलेले.

अण्णांनी कॅन पुढं केला. "घ्या साहेब. लाकडाचंच अल्कोहोल म्हणत्यात न्हवं मिथेनॉलला?"

म्हणतात, आणि अण्णांचं वाचन खोटं नव्हतं. लाकूड हवेशिवाय तापवलं की कोळसा उरतो आणि जी वाफ निघते तिच्यात मिथेनॉल असतं. शंभर वर्षांपूर्वी जग मिथेनॉल असंच काढत होतं. आपल्या शेजारी कर्नाटकात भद्रावतीलाही लोखंडाच्या कारखान्याच्या जोडीनं लाकडाच्या ऊर्ध्वपातनाचा कारखाना होता. पण कॅनमधलं पाणी चहाच्या रंगाचं होतं, वर डांबराचा तवंग, आणि वास धुरकट, आंबट. मी घनतामापी सोडला. मिथेनॉल असतं तर ०.७९ च्या आसपास थांबला असता. तो १ च्याही वर तरंगत राहिला. लिटमस लालभडक. थोडं वाटीत घेऊन काडी लावली, काडीच विझली.

"पेटत न्हाई," मिस्त्री म्हणाले.

"पेटंल की, जरा गार हाय," अण्णा.

तेवढ्यात जाळ घालणाऱ्या गड्यानं वाटीत बोट बुडवलं आणि तोंडाकडं नेलं. मी त्याचा हात इतक्या जोरात झटकला की वाटी उडून मळीत पडली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या पातळ पाण्याच्या एका थेंबानं त्याला काही झालं नसतं, हे मलाही ठाऊक होतं. पण पुढं हेच पाणी शुद्ध करायचं ठरलं असतं, तर गुऱ्हाळात उघड्यावर, रात्रपाळीच्या माणसांच्या हाताशी, दारूसारखाच दिसणारा आणि जवळजवळ तसाच वास येणारा पदार्थ कॅन भरभरून पडला असता. मिथेनॉल पोटात गेलं की यकृत त्याचं फॉर्मिक आम्ल करतं आणि ते आधी डोळ्यांच्या नसांवर बसतं. दहा मिली डोळे घालवायला पुरू शकतं, तीसेक मिली जीव घ्यायला. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं गेली ती यानंच. हे मी तिथंच, चुलवाणाशेजारी उभं राहून सांगितलं. गड्यानं बोट धोतराला पुसलं, मग जाऊन साबणानं हात धुऊन आला.

एक लिटर नमुना बाटलीत घेतला आणि गुऱ्हाळातली चुन्याची निवळीही मागून घेतली. उसाचा रस साफ करायला ती असतेच. अण्णांना ते आवडलं नाही. "चुना कशाला? आमच्या मालात खोट हाय व्हय?" मी म्हटलं, आंबटपणा बांधून ठेवायला. जुने कारखानेही हेच करत. चुना ॲसेटिक आम्लाला धरून ठेवतो, मिथेनॉल मोकळं राहतं. अण्णा आणि विद्यापीठात एम.एस्सी. करणारा त्यांचा पुतण्या असे दोघंही गाडीत बसले.

गाडीत मिस्त्रींनी विषय काढला. त्यांचं म्हणणं, असं थेंब थेंब गोळा करण्यापेक्षा मोठ्या कारखान्यासारखं गॅस करून मिथेनॉल का बनवू नये? "प्रेशरची चिंता माझ्यावर सोडा. पंपाच्या केसिंगा आमी शंभर बारला टेस्ट करून देतोय." ते खोटं बोलत नव्हते. उद्यमनगरात काय होत नाही? १९२३ मध्ये जर्मनीत बीएएसएफ कंपनीनं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून मिथेनॉल पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं तेव्हा दाब तीनशे बारच्या घरात, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीनशेपट लागायचा. १९६६ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीनं तांबं-जस्ताचा कॅटॅलिस्ट (रिॲक्शनला वेग देणारा पदार्थ) आणला आणि दाब पन्नास ते शंभर बारवर आला, तापमान अडीचशे अंशांच्या आसपास. त्यामुळं भांडं मिस्त्री बनवतील, यात मला शंका नव्हती.

अडचण भांड्यात जे घालायचं त्याची आहे. हवेवर चालणाऱ्या साध्या गॅसिफायरचा (पाचट-लाकूड अर्धवट जाळून गॅस करणाऱ्या भट्टीचा) गॅस घेतला तर त्यात निम्मा नायट्रोजन असतो, तो काहीच करत नाही. मिथेनॉलला एक भाग मोनॉक्साइडला दोन भाग हायड्रोजन हवा, इथं दोन्ही साधारण बरोबरीनं असतात. एका फेरीत गॅसचा थोडाच भाग मिथेनॉल होतो, उरलेला परत फिरवावा लागतो. आणि फिरवला की नायट्रोजन साठत जातो, म्हणून गॅस सोडून द्यावा लागतो. डांबर कॉम्प्रेसरला बसतं. गंधकाचा अंश कॅटॅलिस्टला मारतो, म्हणजे दहा लाखांत एक भागसुद्धा जास्तच. शिवाय मोनॉक्साइडला ना रंग ना वास, गळती लागली तर माणूस पडल्यावरच कळायचं. हायड्रोजनच्या दाबाच्या भांड्याला पेसोचे (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) नियम, मिथेनॉलसाठी १९१९ च्या विषारी पदार्थ कायद्याखालचा परवाना. आसामात नामरूपला दिवसाला १०० टनांचा प्लांट होता आणि या धंद्यात तोही लहानच धरतात. बायोडिझेलमध्ये बसतं तेवढंच धरलं तर आमची गरज दिवसाला सव्वादोनशे किलोची.

मिस्त्री थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "केसिंग मात्र शंभर बारला टिकती."

प्लांटवर आल्यावर नमुन्यात चुना घातला. पाणी तांबूस होतं ते गडद काळपट झालं. फ्लास्क मँटलवर (लॅबच्या विजेच्या शेगडीवर) चढवला, थर्मामीटर वाफेत. आमच्या लॅबच्या खिडकीजवळ आम्ही चौघं. मधेच मालकही आले. पारा पन्नाशीच्या पुढं गेला तसे पहिले काही थेंब पडले, ते ॲसिटोन आणि त्याच्या भाऊबंदांचे. ६५ च्या आसपास पारा जरा रेंगाळला, मोजपात्रात तळाशी थोडा पाण्यासारखा द्रव जमला. मग पारा पुढं सरकला तो सरळ ९८, ९९. उरलं ते सगळं पाणीच. मी तळाचं ते चमच्यात घेऊन पेटवलं. पेटलं, पण ज्योत दिसेना. खिडकीचा पडदा ओढला तेव्हा फिकट निळी दिसली.

"म्हंजे हाय की!" अण्णा उसळले.

आहे. लिटरमागे वीसेक मिली, तेही निखळ मिथेनॉल नव्हे. लाकडातून मिथेनॉल सुटतं ते वजनाच्या एक-दोन टक्के, आणि तेही चांगल्या कठीण लाकडातून. उसासारख्या गवताच्या जातीकडून तेवढीही अपेक्षा नको. दोन टक्के धरले तरी रोजचे सव्वादोनशे किलो काढायला अकरा टन कोरडं पाचट रोज जाळावं लागलं असतं, आणि चिपाड तर गुऱ्हाळाचं स्वतःचंच जळण. अण्णांनी बोटांवर हिशेब केला आणि मालकांकडं बघितलं. मालकांनी माझ्याकडं.

पुतण्या हुशार निघाला. त्यानं बायोगॅसचा मुद्दा काढला. तीन मिथेन, एक कार्बन डायऑक्साइड आणि दोन पाणी यांना तापवलं तर मिथेनॉलला हवा तसा एकास दोन गॅस मिळतो. बायोगॅसमध्ये साठ-चाळीसच्या प्रमाणात ते दोन्ही असतातच. रसायनशास्त्र म्हणून इतकं नेटकं दुसरं काही नाही, आणि मला ते मनापासून आवडतं. पण तापवायचं म्हणजे आठशे-नऊशे अंश. मोठे प्लांटसुद्धा किलोभर मिथेनॉलला जळण धरून सहाशे ग्रॅमच्या आसपास मिथेन खातात. आणि मिथेन शुद्ध करून सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) म्हणून विकलं तर तेव्हा किलोला पन्नाशीच्या वर भाव मिळायचा. म्हणजे तीस रुपयांचा गॅस घालून बत्तीस रुपयांचं मिथेनॉल करायचं, तेही मोठ्या प्लांटइतकी कार्यक्षमता आपल्या शेडमध्ये आली तर. साखर कारखान्यांनी प्रेसमडचा (रस गाळून उरणाऱ्या गाळाचा) गॅस गॅस म्हणूनच विकावा, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे.

"मग कारखान्याचं इथेनॉल वापरा," मालक म्हणाले. ते तेव्हा मिथेनॉलच्या दुप्पट महाग. शिवाय ते कोरडंठाक लागतं, आणि बायोडिझेलबरोबर तयार होणाऱ्या ग्लिसरिनचा थर नीट सुटत नाही.

पुतण्यानं शेवटचा पत्ता टाकला. नेदरलँड्समध्ये डेल्फझाइलला बायोएमसीएन नावाची कंपनी बायोडिझेलच्या उरलेल्या ग्लिसरिनपासून मिथेनॉल करायची, ते त्यानं वाचलं होतं. "सर, ग्लिसरिन तर तुमच्याकडे आहे."

मी म्हटलं, बरोबर, पण त्यांचा प्लांट नैसर्गिक वायूवरचा, लाखो टनांचा, आधीच उभा होता. आणि आपल्याला ग्लिसरिनचं मिथेनॉल करायची गरजच नाही. ते आत आहेच.

इथं जरा थांबून सांगायला हवं. १०० किलो तेलाला हिशेबानं ११ किलो मिथेनॉल पुरतं. पण रिॲक्शन पुरी व्हायला आम्ही २२ किलो घालतो. निम्मं बायोडिझेलमध्ये बसतं, निम्मं मोकळं राहतं. त्या मोकळ्यातलं जे बायोडिझेलच्या थरात जातं ते आम्ही उकळून काढतो, कारण फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेते तो आकडा) बसला नाही तर माल परत येतो. पण जास्त हिस्सा खाली ग्लिसरिनमध्ये जातो. ते ग्लिसरिन, साबण-बिबण सगळं तसंच, एक व्यापारी बॅरलनं उचलून न्यायचा. रिकव्हरी कॉलम (मिथेनॉल उकळून परत मिळवायचा उभा मनोरा) घ्या म्हणून मी मालकांच्या मागं बरेच दिवस लागलो होतो. त्यांना ते साहेबाचं खूळ वाटायचं.

त्याच दिवसाच्या बॅचमधलं लिटरभर ग्लिसरिन त्याच फ्लास्कमध्ये घातलं. काळं, मळीसारखं जाड. पारा ६५ वर जाऊन बसला तो बसलाच. थेंब सुटले ते तुटेनात. मोजपात्रात शंभर झाले, दोनशे झाले. पाणी स्वच्छ, घनतामापी ०.८० च्या जवळ. मिस्त्री खुर्ची ओढून समोर बसले आणि थेंबांकडं बघत राहिले. अडीचशेच्या पुढं गेल्यावर मी मँटल बंद केला.

अण्णा म्हणाले, "मिथेनॉल हितं असताना तुमी आमच्या गुऱ्हाळावर काय करायला आलासा?"

मालक हसले नाहीत. त्यांनी मोजपात्र उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, रोजचं किती? मी सांगितलं, दोन टन तेलामागे शंभर किलोच्या वर, धरून चला रोजचे तीन-चार हजार रुपये. मग मी हेही सांगितलं की बायोडिझेलमध्ये बसणारं मिथेनॉल फुकट मिळालं तरी बायोडिझेल किलोमागे साडेतीन रुपयेच उतरेल, कारण पासष्ट रुपये तेलालाच जातात. ज्याच्यासाठी शंभर बारचा रिॲक्टर बांधायला निघालो होतो तो खर्चाचा विसावा हिस्सा. मालकांनी या वाक्यावर मान हलवली, पण मोजपात्र काही खाली ठेवलं नाही.

कॉलम मिस्त्रींनीच बनवला. स्टेनलेसचा, आत रॅशिग रिंगा (वाफ आणि थेंब नीट भेटावेत म्हणून भरलेल्या पोकळ कड्या), मोटार फ्लेमप्रूफ. सुरुवातीला मिथेनॉल ओलं यायचं, आणि ओलं मिथेनॉल परत तेलात घातलं की बायोडिझेलऐवजी साबण होतो. रिफ्लक्स (थंड झालेल्या मिथेनॉलचा कॉलममध्ये परत सोडायचा भाग) वाढवला, शेवटी मॉलिक्युलर सीव्हचा (पाणी शोषणाऱ्या दाण्यांचा) एक डबा जोडला, तेव्हा जमलं. अण्णांनी आपलं बॅरल उतरवलं. पोलीस पाटलांचा चहा बंद झाला. ते आंबट पाणी मात्र ते गाळून, भरपूर पाणी घालून वांग्यावर फवारतात आणि कीड कमी पडते म्हणतात. मी त्यांना फक्त डब्यावर मोठ्या अक्षरात 'विष' लिहायला लावलं.

आता कटकट आहे ती रजिस्टरची. आमच्या मिथेनॉलच्या वहीत आवक, वापर आणि शिल्लक एवढेच रकाने. खरेदी नसताना साठा वाढलेला दिसला की तपासणीला आलेला माणूस चष्मा काढून पुसतो आणि पहिल्यापासून बेरीज करायला घेतो. मी 'परत मिळालेलं' असा चौथा रकाना हातानं आखला आहे, पण त्याला कुणाची मंजुरी लागते ते अजून विचारतोय.