पुढे सरका, हाजी

एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो. भांडण हा आमच्या धंद्याचाच भाग. सुट्टे पैसे, हाफ तिकीट, खिडकीची जागा, दारात अडवून ठेवलेलं बोचकं, कारण कुठलंही चालतं. त्यामुळे हजच्या प्रशिक्षण शिबिरात मौलानासाहेबांनी कुराणातली ती ओळ समजावली, "फला रफस वला फुसूक वला जिदाल", तेव्हा बायकोनं पडद्यापलीकडच्या बायकांतून वाकून माझ्याकडं पाहिलं. हजमध्ये अश्लील बोलणं नाही, गुन्ह्याचं वर्तन नाही आणि भांडण नाही. पहिल्या दोन्हींची मला काळजी नव्हती. तिसऱ्यानं पोटात गोळा आला.

२०१९ ची गोष्ट. आम्ही लोणंदचे. त्या वर्षीही माउलींची पालखी गावात मुक्कामाला आली, दारात नेहमीप्रमाणे चहाची किटली ठेवली आणि पायाला फोड आलेल्या एका म्हाताऱ्या वारकऱ्याला मी विचारलं, इतकं चालताना मन कशात ठेवता? तो म्हणाला, "म्होरल्याच्या टाचंत." मी हसलो. पुढं महिन्याभरात तेच करायची पाळी आली.

मुंबईत एहराम बांधला. दोन पांढऱ्या, न शिवलेल्या चादरी, एक कमरेला, एक खांद्यावर. त्यानंतर अत्तर नाही, वासाचा साबण नाही, नख काढायचं नाही, केस तोडायचा नाही, पुरुषानं डोकं झाकायचं नाही, नवरा-बायकोनं नवरा-बायकोसारखं राहायचं नाही. लोकांना वाटतं हेच अवघड असेल. नाही हो. या गोष्टी नियमानं बंद आहेत म्हटल्यावर मन तिकडं फारसं जातच नाही. अवघड होतं ते चालणं. एहरामखाली शिवलेलं काही नसतं, त्यामुळे दोन-चार किलोमीटरनंतर मांड्या घासून सोलवटतात. बायकोनं बिनवासाच्या व्हॅसलिनची डबी दिली होती. तिच्यासाठी केलेली दुआ मी कुणालाही सांगितलेली नाही.

पहिला उमरा, म्हणजे हजच्या आधीची छोटी यात्रा, झाला आणि एहराम उतरला. हजला अजून दिवस होते. मक्केतल्या अझीझिया भागातल्या खोलीतून बसनं हरमला, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीत जायचं, नमाज पढायची, तवाफ करायचा, म्हणजे काब्याला सात फेऱ्या घालायच्या. खरा मोह सुरू झाला तो इथं. हरमच्या बाहेर पडलं की समोर घड्याळाचा मनोरा आणि त्याच्या पोटात चकचकीत दुकानं. आमच्या खोलीतले दोघे रोज नव्या जानमाजी, नमाजाच्या चटया, आणून घड्या घालत बसायचे, वजनाचा हिशेब करायचे. मला दुकानांचं काही वाटलं नाही, पेन्शनच तेवढी होती. माझा मोह वेगळाच निघाला. मला हजर-ए-अस्वदपर्यंत पोचायचं होतं.

काब्याच्या कोपऱ्यात चांदीच्या चौकटीत बसवलेला तो काळा दगड. तवाफची प्रत्येक फेरी तिथून सुरू होते. चुंबन मिळालं तर सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, नाही तर लांबूनच हात दाखवून "अल्लाहु अकबर" म्हणायचं आणि पुढं चालायचं. सक्ती नाही. दुसरे खलिफा हजरत उमर त्या दगडाला म्हणाले होते की तू दगड आहेस हे मला माहीत आहे, तू ना कुणाचं भलं करू शकतोस ना बुरं. पैगंबरांना तुझं चुंबन घेताना पाहिलं नसतं तर मीही घेतलं नसतं. हे सगळं मला शिबिरात शिकवलेलं होतं. पण गर्दीत घुसणं ही तर माझी विद्या! दिवाळीच्या गाडीत मागच्या सीटपासून दारापर्यंत तिकिटं फाडत जाणारा माणूस मी. मला कोण अडवणार?

एका रात्री दोनच्या सुमारास गेलो. खांदा तिरका, कोपर पुढं, श्वास रोखून. दगड सहा-सात माणसांवर आला. चौकट दिसायला लागली, अत्तराचा दाट वास आला. तेवढ्यात माझं कोपर कशाला तरी लागलं. मऊ. खाली बघितलं तर एक बुटकी म्हातारी, इंडोनेशियाकडची असावी, पाठीवर नावाची पट्टी शिवलेला पांढरा झगा. कोपर तिच्या बरगडीत बसलं होतं. ती ओरडली नाही. तिनं फक्त माझ्या बाहीला धरलं, पडू नये म्हणून. मी धक्का दिलेला, आणि तिनं आधारही माझाच घेतलेला.

मी उलटा फिरलो. बाहेर यायला आत जाण्यापेक्षा जास्त वेळ लागला, कारण आता ढकलायचं नव्हतं. ती बाही धरून मागोमाग आली आणि मोकळी जागा मिळाल्यावर आपल्या माणसांत निघून गेली. माफी कुठल्या भाषेत मागायची हेच मला सुचलं नाही. त्यानंतर हात लांबूनच दाखवला, शेवटच्या दिवसापर्यंत.

हजच्या महिन्याच्या, जिल्हिज्जच्या, ८ तारखेला पुन्हा एहराम आणि मिना. पांढऱ्या तंबूंचं शहर. १९९७ च्या आगीनंतर हे सगळे तंबू आग न धरणाऱ्या कापडाचे केलेत. आत माणशी दोन फुटांची गादी, एकाला एक चिकटलेली. इथं माझी परीक्षा आहे हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनही मी नापास झालो. वजू करून, नमाजाआधी हात-पाय-तोंड धुऊन, आलो तर माझ्या गादीवर परभणीकडचे एक चाचा पाय लांब करून बसलेले. मी तीस वर्षांच्या आवाजात विचारलं, "नंबर बघितला का?" आख्खा तंबू वळला. चाचा गुडघ्यावर हात टेकत उठले. "घ्या भाऊ तुम्ही. मला कुठं झोप येतीय." ते कोपऱ्यात चपलांजवळ जाऊन बसले.

गादी माझी होती. नंबर बरोबर होता. आमची व्यवस्था बघणाऱ्या खादिमसाहेबांनीही तेच सांगितलं असतं. रात्रभर मी त्या बरोबर नंबरच्या गादीवर जागा होतो. पहाटे चाचांना म्हटलं, या. ते म्हणाले, "आता अरफातला जायचंय, गादी काय डोक्यावर घ्यायची?" आणि हसले. माझ्या आधी ते हसले याचाही मला थोडा राग आलाच, खोटं कशाला बोलू.

अरफात. हजचा कणा हाच. दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत त्या मैदानात थांबायचं आणि मागायचं. दुसरं काही नाही. मी फोन बंद करून बायकोच्या पिशवीत टाकला, कारण नातू रोज व्हिडिओवर "दादा, काबा दाखवा" म्हणायचा आणि मीही दाखवत सुटायचो. एक-दोन तवाफ तर स्क्रीनमध्ये बघूनच झाले. जवळ वहीत गावातल्यांची नावं होती, सत्तर-ऐंशी. एकेक वाचून दुआ मागत होतो. उन्हानं डोकं तापलेलं. मन मात्र दर पाच मिनिटांनी लोणंदला. फरकाची रक्कम मिळेल का, बोअरला पाणी लागेल का. मनाला रागवलो नाही. पुढच्या नावावर बोट ठेवायचं, बस्स. म्होरल्याच्या टाचेत.

वही संपली तेव्हा बायकोनं हळूच विचारलं, "अहो, धाकट्या दीरांचं नाव?" बांधावरून आमचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. मी वही मिटली. मग आभाळ भरून आलं आणि त्या रखरखीत मैदानात विजांसकट धो धो पाऊस कोसळला. लोक रडत होते, भिजत होते, हात वर केलेले. मी धाकट्याचं नाव घेतलं. ओठांनी घेतलं. मनानं घेतलं असं म्हणवत नाही.

सूर्य मावळल्यावर मुजदलफाकडं चालत निघालो. चादर ओली, जड. दोन्ही बाजूंनी माणसांची नदी आणि पोलीस ओरडताहेत, "यल्ला हाज्जी, तरीक, तरीक!" म्हणजे आपलंच, पुढे सरका. पहिल्यांदा मी सरकणाऱ्यांत होतो. पुढं एक काळसर, भेगाळलेली टाच होती, सुदानची की नायजेरियाची, कोण जाणे. तिच्यावर नजर ठेवून तास-दीड तास चाललो, आणि त्या दीड तासात मनात काही आलं नाही. सबंध हजमधला तेवढा वेळ मी अगदी खात्रीनं माझा म्हणू शकतो.

मुजदलफात उघड्यावर रात्र. हरभऱ्याएवढे खडे वेचायचे, उद्यापासून जमरातवर, सैतानाची खूण असलेल्या खांबांवर, मारायला. मी एकोणपन्नास मोजले, दोनदा. कंडक्टरचा हिशेब. चाचा शेजारी येऊन बसले, त्यांना अंधारात दिसत नव्हतं. त्यांचेही एकोणपन्नास मीच मोजून दिले. ते म्हणाले, "एखादा जास्त टाका, तुमच्यासाठी." कुठल्या अर्थानं म्हणाले, विचारलं नाही.

परत आलो तेव्हा दारात गर्दी. गळ्यात हार, पाच लिटरचा जमजमचा कॅन ओट्यावर. दुधाच्या डेअरीवाल्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "हाजीसाहेब, काळ्या दगडाचं चुंबन मिळालं ना?" सगळे थांबले. "हो" म्हणणं किती सोपं होतं! तोंडात आलंच होतं.

"नाही मिळालं," म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. बायको आतून खजुराचं ताट घेऊन आली आणि म्हणाली, "धाकट्यांकडं एक वाटी पाठवायचीय. कोण जातंय?"

मी चपला शोधायला लागलो.