कर्ण्याचा रंग

पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की डब्याच्या तळाशी दोन बोटं ऑइलपेंट उरतो. तो टाकवत नाही. आधी गाडीच्या चाकाला लागतो, मग दाराच्या चौकटीला, आणि तरीही उरलाच तर देवळावरच्या लाउडस्पीकरच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, कर्ण्याला. म्हणून मराठवाड्यात पोपटी कर्णा दिसतो, गुलाबी दिसतो, आणि काठाला निळा नि पोटाला भगवा असाही दिसतो. दोन रंगांच्या मधली रेघ कुणी आखलेली नसते. पहिला डबा तिथे संपलेला असतो.

मंडपवाल्यांचा रंग मात्र हिशेबाचा. माळेगावच्या यात्रेत शेजारी शेजारी तंबू असतात आणि पहाटे सगळ्यांचं सामान एकदमच टेम्पोत चढतं. कर्णे सगळे सारखेच, तेव्हा काठावरचा चार बोटांचा लाल पट्टाच मालक सांगतो.

या रंगानं आवाज सुधारत नाही. जाड थरानं पातळ पत्र्याची झणझण जराशी दबते, तेवढंच. पण बाहेरून रंगवलेला भोंगा निदान चारचौघांना दिसतो. जुन्या विलायती स्पीकरांची गंमत अशी की त्यांचा रंग पाठीमागच्या चुंबकावर, आणि स्पीकर लाकडी पेटीत बंद! ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या पैठणीसारखं. तरी नाव पडलं ते रंगावरूनच. टॅनॉय या ब्रिटिश कंपनीचे मॉनिटर स्पीकर आधी काळे, मग चंदेरी, १९५७ च्या सुमारास लाल आणि १९६७ पासून सोनेरी. व्हॉक्स कंपनीच्या गिटार ॲम्प्लिफायरमधला सेलेस्टियन कंपनीचा १२ इंची स्पीकर तर जगभर नुसता ‘ब्लू’ म्हणून ओळखला जातो. त्याच सेलेस्टियनचा ‘ग्रीनबॅक’ या यादीत घालायचा मोह होतो, पण त्याचा हिरवा हा रंग नव्हेच, चुंबकावरची प्लास्टिकची टोपी आहे. तिला पॉलिश पेपर लावायला जाऊ नये.

जवळून पाहिलं तर यातल्या पुष्कळ स्पीकरांवर हॅमरटोन असतो. लेथवर, जुन्या स्टॅबिलायझरच्या डब्यावर असतो तोच, हातोडीनं बारीक ठोकल्यासारखा. वाळूच्या साच्यात ओतलेल्या धातूला खड्डे राहतात, ते घासून गुळगुळीत करायला मजुरी पडते. हॅमरटोनमध्ये ॲल्युमिनियमची बारीक चूर आणि थोडं सिलिकॉन असतं. ओला थर त्यामुळे जागोजागी आकसतो आणि खळगे पडतात. त्या खळग्यांत ओतकामाचे खड्डे दिसेनासे होतात. आज ज्या नक्षीसाठी लोक जादा पैसे मोजतात, ती मुळात ऐब झाकायला आली.

पैसे जास्त मिळतात म्हटल्यावर रंगारीही आलेच. लाल दिसला म्हणून लाल समजू नये. मल्टिमीटर लावावा: टॅनॉयचा लाल १५ ओहमचा (ओहम म्हणजे विजेच्या रोधाचं माप), सोनेरी ८ चा. मीटर नेहमी लिहिल्यापेक्षा कमीच दाखवतो, १५ च्या जागी १० ते १२ येतात. ५-६ आले तर रंग खोटा असेल किंवा कॉइल बदललेली असेल. स्क्रूच्या खाचाही बघाव्यात. खाचेत रंग भरला असेल तर ब्रश नंतर फिरला आहे.

आपल्याकडे असा जुना स्पीकर आला तर खरं तर रंगवूच नये. कोरड्या ब्रशनं धूळ काढावी, किंचित ओल्या फडक्यानं चुंबक पुसावा, बस. गंज फारच असेल आणि हात शिवशिवतच असतील, तर चुंबक सुटा करून रंगवायचा शहाणपणा तेवढा करू नये. जुने चुंबक बहुधा अल्निकोचे, म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेले. लोखंडी घरातून बाहेर काढला की तो कमजोर होतो आणि परत बसवल्यावरही गेलेली ताकद येत नाही. ठोकाठोकीही त्याला सोसत नाही. वाळूच्या फवाऱ्यानं रंग काढणं त्याहून वाईट. कण कॉइलच्या फटीत शिरतात आणि मग गाणं कमी, खरखर जास्त. कोनाच्या, म्हणजे स्पीकरच्या थरथरणाऱ्या पडद्याच्या, दोन्ही बाजू कागद आणि मास्किंग टेपनं झाकाव्यात, कारण कोनावर रंगाचा वजनदार थर बसला की आवाज खाली बसतो.

भोंग्याला एवढे लाड लागत नाहीत, पण तिथेही एक चूक घरोघरी होते: खाली रेडऑक्साइड मारतात. तो लोखंडाचा सोबती. जर्मनवर त्याची पकड बसत नाही आणि दुसऱ्या पावसाळ्यात पापडासारखे पोपडे सुटतात. आधी मागचं युनिट (आवाज काढणारा भाग) पिळून काढून भोक चिंधीनं बुजवावं. मग साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढून ३२० नंबरच्या पॉलिश पेपरनं पत्रा ओला घासावा आणि वाळल्यावर ॲल्युमिनियमला चालणाऱ्या एच (etch) प्रायमरचा पातळ हात द्यावा. त्यावर ऑइलपेंटचे दोन पातळ हात पुरतात. हॅमरटोन मात्र भरपूर आणि एकाच दमात लावावा, पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की नक्षी मोडते. मेच्या दुपारी तर डबा उघडूच नये. बेचाळीस अंशांत थर आकसायच्या आत सुकतो आणि नुसती राखाडी भिंत हाती येते. सकाळी आठच्या आत उरकावं.

घासताना एखाद्या जुन्या भोंग्याच्या तळाशी पिवळट हिरवा थर लागतो. तो झिंक क्रोमेटचा प्रायमर असू शकतो आणि त्याची धूळ विषारी. कोरडा पेपर तिथे अजिबात चालवू नये. तो थर घट्ट बसलेला असेल तर तसाच ठेवावा आणि त्याच्यावरूनच पुढचा हात मारावा, पोपटी असो की गुलाबी.